नोंदवहीबाहेरची प्रत

जुन्या मराठी ग्रंथांच्या छापील पानांवरून संगणकाकरवी संहिता सिद्ध करण्याचे काम आता अभ्यासकांच्या अंगवळणी पडले आहे. मानेसर येथील एका संस्थेत असे काम चालू असता, दोन संगणकांनी वाचलेल्या एकाच पानात अनुस्वार व जोडाक्षरे यांचे भेद आढळले. प्रथमदर्शनी ते पाठभेद भासले. वस्तुतः दोष वाचनाच्या साधनात होता. दोन्ही संगणकांच्या नोंदीत 'टेसरॅक्ट' या अक्षरवाचक प्रणालीची एकच आवृत्ती होती. पण एकावर नोंदीबाहेरची जुनी प्रत चालत होती.

हे कसे घडते? डेबियनसारख्या लिनक्स-वितरणातील पॅकेज मॅनेजर हा केवळ साधने आणून देणारा हरकाम्या नव्हे. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, आवृत्ती कोणती, ती कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहे, याची तो नोंदवही राखतो. सुरक्षेच्या दुरुस्त्याही या नोंदीच्या आधारेच पोहोचतात. २०१७ च्या डेबियन ९ मध्ये टेसरॅक्टची तिसरी मालिका होती. न्यूरल नेटवर्कवर आधारलेले वाचन चौथ्या मालिकेत आले. ते हवे असणाऱ्याला सोर्स कोड स्वतः कंपाइल करणे हा एक मार्ग होता, आणि त्यात गैर काही नाही. मात्र अशी प्रत रूढीने 'यूएसआर-लोकल' या शाखेत बसते, नोंदवहीत येत नाही. आणि आज्ञा शोधताना संगणक सामान्यतः हीच शाखा आधी पाहतो. २०१९ च्या डेबियन १० ने चौथी मालिका दिली, तरी अशा संगणकावर चालते ती पूर्वीचीच प्रत.

मराठी अभ्यासकाला ही अडचण परकी नाही. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध करावी लागली. कारण प्रक्षेप करणारा आपल्या भरीची नोंद मागे ठेवत नाही.

उपाय तीन आहेत. कंपाइल केलेली प्रणाली स्वतंत्र निर्देशिकेत ठेवावी आणि हवी तेव्हाच तिच्या पूर्ण नावाने चालवावी. शक्य असल्यास सोर्स कोडपासून रीतसर पॅकेज बांधून ते पॅकेज मॅनेजरकरवीच बसवावे, म्हणजे ते नोंदीत येते व काढूनही टाकता येते. आणि संहितेसोबत, ती वाचणाऱ्या प्रणालीची आवृत्ती नोंदवहीतून न घेता प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रणालीलाच विचारून नमूद करावी. एरवी उद्याचा संपादक यंत्राच्या चुकीला परंपरेचा पाठ समजेल.