बिटकॉइनच्या संगणकजाळ्याचा आकार व भौगोलिक विस्तार : मोजणीच्या पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
बिटकॉइन या आभासी चलनाची संकल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी मांडण्यात आली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचा पहिला ब्लॉक तयार झाला. या चलनास मध्यवर्ती बँक नाही, मुख्य कार्यालय नाही आणि सभासदांची नोंदवहीही नाही. जगभरातील संगणक परस्परांशी समान दर्जाने जोडले जाऊन व्यवहारांची खातेवही सांभाळतात. अशा प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. नोंदवहीच नसेल तर नोड किती व कोठे आहेत हे कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :
१) नोड मोजण्याची पद्धत समजून घेणे.
२) न दिसणाऱ्या नोडच्या अंदाजाचे तत्त्व स्पष्ट करणे.
३) भौगोलिक नकाशाच्या मर्यादा तपासणे.

मोजणीची पद्धत :
नोड सामान्यतः ८३३३ या क्रमांकाच्या पोर्टवर संपर्क स्वीकारतो. ‘तुला ठाऊक असलेले पत्ते दे’ असा संदेश त्यास पाठविल्यास तो एका उत्तरात जास्तीत जास्त १००० पत्ते कळवितो. त्या पत्त्यांना पुन्हा हाच प्रश्न विचारावयाचा व नवा पत्ता मिळेनासा होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. सन २०१३ मध्ये सुरू झालेला ‘बिटनोड्स’ हा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. मात्र मिळालेला प्रत्येक पत्ता म्हणजे जिवंत नोड नव्हे. पुष्कळ पत्ते जुने झालेले असतात. म्हणून जो प्रत्यक्ष उत्तर देतो तोच मोजला जातो. परंतु राउटरच्या आड असलेले नोड स्वतः बाहेर संपर्क साधतात, बाहेरून येणारा संपर्क स्वीकारू शकत नाहीत. ते या मोजणीतून निसटतात.

अंदाजाचे तत्त्व :
निसटलेल्यांचा अंदाज दोन स्वतंत्र याद्यांवरून करता येतो. चंद्रशेखरन व डेमिंग यांनी बंगालमधील सिंगूर भागातील जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी हीच रीत वापरून १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या यादीत ८००० नोड, दुसरीत ७५००, आणि दोन्हींत समान ६००० आहेत. ८००० ला ७५०० ने गुणून ६००० ने भागल्यास एकूण १०,००० हा अंदाज येतो. त्यासाठी तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात : याद्या स्वतंत्र असाव्यात, दरम्यान संख्या बदलू नये आणि प्रत्येकाची ओळख कायम राहावी. सहज सापडणारे नोडच दोन्ही याद्यांत आले, तर अंदाज कमी येतो. पत्ता बदलल्यामुळे तोच नोड नवा भासला, तर अंदाज फुगतो.

बीड जिल्ह्यातील वाचकास ही अडचण अपरिचित नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यावर गावात केलेली मोजणी आणि हंगाम संपल्यावर केलेली मोजणी जुळत नाही. शिवाय मुकादम ‘कोयता’ मोजतो आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः पती-पत्नीची जोडी. कोयत्यांची संख्या ही माणसांची संख्या नव्हे. त्याचप्रमाणे एक व्यक्ती अनेक नोड चालवू शकते आणि बिटकॉइन बाळगणारे असंख्य लोक एकही नोड चालवीत नाहीत.

भौगोलिक विस्तार :
नोडच्या इंटरनेट पत्त्यावरून देश बऱ्यापैकी कळतो, शहर मात्र अनेकदा चुकते. ज्यांचे स्थान कळते अशा नोडमध्ये अमेरिका व जर्मनी हे देश आघाडीवर दिसतात. परंतु यांतील अनेक नोड भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतात व त्यांचा मालक अन्य देशात असू शकतो. ‘टॉर’ या गुप्त मार्गाने चालणाऱ्या नोडचे स्थान तर कळतच नाही आणि अलीकडच्या वर्षांत त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळते. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे बीडमधील मोबाईल जोडणीवरील नोड अशा नकाशावर सहसा उमटणार नाही.

निष्कर्ष :
नोडसंख्येवरून जाळ्याच्या टिकाऊपणाचा काही अंदाज येतो. गुंतवणूकदारांची संख्या किंवा परताव्याची हमी तीवरून सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी कारवाई केलेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. बिटकॉइनचे जाळे त्या काळातही सुरळीत चालू होते, बुडाले ते गुंतवणूकदारांचे पैसे. मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या या जिल्ह्यात हा भेद समजणे विशेष अगत्याचे आहे. म्हणून जाळ्याचा आकडा समोर आल्यास काय मोजले, केव्हा मोजले आणि काय निसटले, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.