जिमची मेंबरशिप रद्द करायचीये? ‘नो रिफंड’ हा शेवटचा शब्द नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, किंवा लोकलमध्ये ऐकताना कलमांचे नंबर टिपायचे राहून गेले, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मजकूर. विषय आहे जिमची मेंबरशिप मध्येच सोडायची असेल तर पैसे परत मिळतात का, आणि मिळत असतील तर किती.

मी पवईत भाड्याने राहते. आमच्याकडे हिरानंदानीपासून चांदिवलीपर्यंत माझ्या वयाची निम्मी मंडळी भाड्याच्या घरात आहेत. आता एक गंमत बघा. आपलं लिव्ह अँड लायसन्स असतं ११ महिन्यांचं, आणि जिमवाला विकतो १२ महिन्यांचं पॅकेज, वर ‘३ महिने फ्री’. म्हणजे आपण या भागात किती दिवस राहणार हे आपल्यालाच माहीत नसतं, पण जिमला मात्र १५ महिन्यांचा शब्द देऊन बसतो. मग ऑफिस ऐरोलीला हलतं, कुणाची पुण्याला बदली होते, कुणाचा गुडघा दुखावतो. काउंटरवर गेलं की एकच उत्तर मिळतं, “मॅडम, फॉर्मवर लिहिलंय ना, नॉन-रिफंडेबल.”

तर या ‘लिहिलंय ना’चं नेमकं वजन किती, ते आज बघूया.

आधी खरं सांगते

भारतात ‘मन बदललं म्हणून पैसे परत’ असा सरसकट हक्क ग्राहक कायद्यात नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जिमचा करार केल्यावर ३ दिवसांत तो रद्द करता येतो. तशी मुदत आपल्याकडे कायद्याने दिलेली नाही. त्यामुळे “कंटाळा आला, पूर्ण पैसे द्या” असं म्हणाल तर तुमची बाजू लंगडी आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फॉर्मवर छापलं म्हणून कुठलीही अट कायदेशीर होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४६) आहे. त्यात ‘अन्याय्य करार’ म्हणजे काय ते सांगितलंय. करार मोडल्यामुळे समोरच्याचं जेवढं नुकसान झालं त्याच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं, किंवा ग्राहकाचं नुकसान करणारी अवाजवी अट किंवा शुल्क लादणं, हे त्यात येतं.

त्याहून जुना आहे भारतीय करार कायदा, १८७२. त्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी ती आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढीच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते.

आणि २ एप्रिल २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा पायोनियर अर्बन खटल्यातला निकाल. तो फ्लॅटचा खटला होता, जिमचा नाही. पण तत्त्व आपल्या कामाचं आहे. एका बाजूने तयार केलेल्या करारावर ग्राहकाने ठिपक्यांच्या रेघेवर सही केली, कारण दुसरा पर्याय नव्हता, तर अशा एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक धरता येत नाहीत. करारात अशा अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं कोर्टाने म्हटलं.

तुमची केस कुठल्या खणात बसते?

मी तीन खण करते.

पहिला खण: चूक जिमची आहे. शाखा बंद झाली, दुसरीकडे हलवली, सांगितलेला ट्रेनर किंवा स्टीम रूम नाहीच, एसी दोन महिने बंद. ही सेवेतली त्रुटी. इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे आणि ‘नो रिफंड’ची पाटी टिकणं कठीण.

दुसरा खण: चूक कुणाचीच नाही. लिगामेंट फाटलं, गरोदरपणात डॉक्टरांनी मनाई केली, दुसऱ्या शहरात बदली झाली. कागद असतील तर इथेही बोलायला चांगली जागा आहे. भांडण फक्त किती कापायचं यावर होतं.

तिसरा खण: तुमचं मन बदललं. इथे तुम्ही करार मोडताय, हे मान्य करूनच बोला. तरीही जिमने वाजवी तेवढंच कापावं, हा मुद्दा उरतोच.

खरं भांडण हिशोबाचं आहे

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

समजा तुम्ही वर्षाचे २४,००० रुपये भरले. म्हणजे महिन्याला २,०००. तीन महिन्यांनी गुडघ्याने दगा दिला. जिमने हिशोब दिला तो असा: तीन महिने वापरले, सुट्या महिन्याचा दर ४,०००, म्हणून १२,००० कापले. वर कॅन्सलेशन चार्ज एकूण रकमेच्या २५ टक्के, म्हणजे ६,०००. वर अ‍ॅडमिन फी २,०००. तुमच्या हातात ४,०००.

तुम्ही म्हणता, “छे, तीन महिन्यांचे ६,००० कापा आणि १८,००० द्या.” हेही पूर्ण बरोबर नाही. २,००० चा दर तुम्हाला वर्षभराच्या शब्दावर मिळाला होता. तो शब्द तुम्ही मोडलात, तर सवलत जाणं यात जिमवाल्याचं काही चुकत नाही.

मग वाजवी काय? स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी पहिल्या दिवशीच तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं असतं, तर किती भरले असते? समजा त्याच जिमचं तिमाही पॅकेज ९,००० ला आहे. मग ९,००० कापले की जिमचं सवलतीचं नुकसान भरून निघालं. उरले १५,०००. हा आकडा मागा. त्यावर आणखी २५ टक्के आणि अ‍ॅडमिन फी लावायची असेल, तर जिमला सांगावं लागेल की हे नेमकं कुठल्या नुकसानाचे. एकच नुकसान दोनदा वसूल करणं म्हणजेच तो प्रमाणाबाहेरचा दंड.

म्हणून दरपत्रकाचा फोटो आजच काढून ठेवा. तिमाही दर भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर असतोच. तुमच्या सगळ्या कागदांत हा एक फोटो सगळ्यात जास्त कामाला येईल.

‘फ्रीझ करा’ किंवा ‘मित्राच्या नावावर करा’ असेही पर्याय देतात. तुम्हाला परवडत असेल तर घ्या. पण बदली झालेल्या माणसाला फ्रीझचा उपयोग नाही, आणि पर्याय दिला म्हणजे रिफंडचा प्रश्न मिटला असं होत नाही.

जिमवाल्यांना वर्षच का विकायचं असतं?

कारण आपण स्वतःबद्दल फार आशावादी असतो. २००६ साली दोन अर्थतज्ज्ञांचा एक गाजलेला अभ्यास ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. त्यांनी तीन जिमच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि शेजारीच फेरीला १० डॉलर पडणारा पास होता! २०११ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने अ‍ॅशबर्न या कंपनीच्या जिम करारांबद्दल हेच ओळखलं. लोक किती दिवस येतील याचा अंदाज चुकतो, आणि लांब मुदतीचे करार त्यावरच पैसे कमावतात. कोर्टाने त्यातले बरेच करार अन्याय्य ठरवले.

आपल्याकडचा धडा आणखी कडू आहे. तळवलकर्स हे नाव मुंबईत जिमचंच दुसरं नाव होतं. १९३२ पासूनची परंपरा, २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदणी. २०१९ मध्ये कंपनीने कर्जाचे हप्ते थकवले, शाखा बंद पडत गेल्या आणि वर्षाचे पैसे आधीच भरलेले सभासद दाराबाहेर राहिले. अशा वेळी कायदा तुमच्या बाजूने असूनही वसूल करायला समोर काही उरत नाही. म्हणून जिम बंद पडली आणि पैसे कार्डाने भरले असतील, तर थांबू नका. बँकेकडे लगेच चार्जबॅक मागा. त्याला मुदत असते.

ईएमआय आणि ऑटोपे: इथे घाई नको

‘नो कॉस्ट ईएमआय’वर मेंबरशिप घेतली असेल तर तिथे दोन करार आहेत. एक जिमशी, दुसरा कर्ज देणाऱ्या कंपनीशी. जिमवर राग काढायला हप्ता थांबवलात, तर सिबिल स्कोअर तुमचाच पडेल. तेव्हा हप्ता चालू ठेवा, कर्ज कंपनीला लेखी कळवा, आणि कर्ज बंद करण्याची रक्कम जिमकडून मागा. कर्ज नुकतंच घेतलं असेल तर करारात कूलिंग-ऑफ काळ बघा. डिजिटल कर्जांना तो द्यावाच लागतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

यूपीआय ऑटोपे असेल तर तो तुमच्याच अ‍ॅपमधून बंद करता येतो. पण फक्त ऑटोपे बंद केल्याने करार संपत नाही. त्याच दिवशी रद्द करत असल्याचा मेल पाठवा. आणि अ‍ॅपवर ‘जॉइन’ एका टॅपमध्ये, पण ‘कॅन्सल’ शोधूनही सापडत नसेल, तर त्यालाही नाव आहे: सबस्क्रिप्शन ट्रॅप. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ युक्त्यांना मनाई आहे, त्यातली ही एक.

आता करायचं काय?

पायरी एक, लेखी मागणी. काउंटरवरची बाचाबाची कुठेही नोंदली जात नाही. मेल करा, आणि तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. नमुना देते:

“मी अमुक तारखेला रु. २४,००० भरून १२ महिन्यांचं सभासदत्व घेतलं. वैद्यकीय कारणामुळे अमुक तारखेपासून ते रद्द करत आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. तुमच्या तिमाही दराप्रमाणे रु. ९,००० वजा करून उरलेले रु. १५,००० कृपया १५ दिवसांत परत करावेत. त्याहून जास्त कपात करायची असल्यास प्रत्यक्ष नुकसानाचा तपशील लेखी द्यावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करावी लागेल.”

बस, एवढंच. शिव्या नकोत, धमक्या नकोत. गूगल रिव्ह्यू लिहायचा तर घडलं तेवढंच लिहा.

पायरी दोन, १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते जिमला तक्रार पाठवतात आणि उत्तर मागतात. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण लेखी तक्रार पोचली की काही वेळा इथेच मिटतं. अडलात तर विलेपार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं. १९७५ पासून ही मंडळी ग्राहकांसाठी काम करताहेत.

पायरी तीन, ग्राहक आयोग. पवई येते मुंबई उपनगर जिल्ह्यात, त्यामुळे आपला जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. आणि बदली होऊन पुण्याला गेलात तर पुण्यातच तक्रार करता येते, कारण नव्या कायद्यात ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथेही दाद मागता येते.

इथे एक बारकावा सांभाळा. एखादी अट ‘अन्याय्य करार’ म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून जिल्ह्यात तक्रार मांडताना ‘सेवेतली त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द वापरा आणि पैसे परत मागा. अट रद्द करा अशी मागणी केलीत तर “चुकीच्या दारात आलात” असं ऐकून घ्यावं लागेल.

वेळ किती लागेल? कायद्यात नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त लागू शकतो. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर वाजवी आकडा मिळत असेल, तर तो पदरात पाडून घ्या. १५,००० च्या जागी १३,००० आज मिळत असतील तर मी घेईन.

आणि अजून सही केली नसेल तर

“आज संध्याकाळपर्यंतच ऑफर आहे” हे मीही ऐकलंय. उद्याही असते. तिमाहीच घ्या, महाग पडली तरी. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवर जीएसटी १८ नाही, ५ टक्के आहे, तेही तपासा. आणि एक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, तोंडी नाही: “तीन महिन्यांनी सोडलं तर किती परत मिळतील?” उत्तर आलं तर तो तुमचा पुरावा. उत्तर आलंच नाही, तर पैसे भरायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं.

तुमच्या फॉर्मवर कॅन्सलेशनची अट काय आहे ते एकदा काढून वाचा, आणि ज्या मित्राचे पैसे अडकलेत त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या वेळी. तोवर स्क्वॉट्स मारा, आणि बिलं जपून ठेवा!