दुधाविना चीज, मांसाविना बेकन : भोपाळच्या टोफूचे खमंग सँडविच

गोव्याच्या किनारपट्टीवरील अनेक कॅफेंच्या खाद्यसूचीत आता ‘व्हिगन’ असा स्वतंत्र रकाना दिसतो. त्यात हमखास आढळणारा एक पदार्थ म्हणजे ग्रिल्ड चीज सँडविच. पावाच्या दोन कापांमध्ये वितळलेले चीज आणि धुराच्या वासाचे कुरकुरीत बेकन, असे त्याचे मूळ स्वरूप. व्हिगन प्रकारात मात्र चीजमध्ये दूध नसते आणि बेकनमध्ये डुकराचे मांस नसते. नाव ऐकून हा परदेशी आणि खर्चिक प्रकार वाटतो. प्रत्यक्षात त्यासाठी लागणारे काजूगर, खोबरेल तेल, टॅपिओका आणि कोळशाचा निखारा आपल्या स्वयंपाकघराला परके नाहीत. त्यातील मुख्य घटक असलेला टोफू घडविण्याचे तंत्र तर भोपाळमध्ये चार दशकांपासून जोपासले जात आहे.

हा केवळ हौसेचा विषय नाही. दुधातील लॅक्टोज न पचणारे, दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असणारे आणि प्राणिजन्य पदार्थ पूर्णतः वर्ज्य करणारे अशा सर्वांना रोजच्या आहारात काय घालावे, हा प्रश्न पडतो. ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दांनी तो सुटत नाही, कारण आपल्याकडील शाकाहारात दूध, तूप, लोणी आणि चीज गृहीतच धरलेले असते.

भोपाळमधील सोयाबीनची शाळा

पिवळे सोयाबीन भारतात व्यापारी पीक म्हणून रुजले ते 1960 च्या दशकात. जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने त्याच्या चाचण्या घेतल्या. पुढे माळव्याच्या काळ्या मातीत हे पीक असे फोफावले की मध्य प्रदेशाची ओळखच ‘सोया राज्य’ अशी झाली. आज देशातील सोयाबीनचे बहुतांश उत्पादन मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांतून येते.

सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते. तरीही या पिकाचा मोठा भाग तेलघाण्यांकडे जातो. तेल बाजारात येते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड प्रामुख्याने कोंबड्या व जनावरांच्या खाद्यात किंवा निर्यातीत जाते. ही प्रथिने थेट माणसाच्या ताटात यावीत, या हेतूने भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत 1985 मध्ये सोयाबीन प्रक्रिया व वापर यांवरील काम सुरू झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था 1976 पासून भोपाळमध्ये कार्यरत आहे. सोया दूध, टोफू, सोया पीठ आणि त्यांपासूनचे पदार्थ तयार करण्याचे तंत्र व यंत्रे तेथे विकसित झाली. लहान उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांना त्याचे प्रशिक्षणही तेथे दिले जाते.

टोफूविषयी अनेकांची तक्रार असते ती त्याच्या कच्च्या, कडधान्यासारख्या वासाची. भिजलेले दाणे थंड पाण्यात वाटले की लायपॉक्सिजिनेज हे विकर तेलावर क्रिया करते आणि तो वास निर्माण होतो. दाणे कढत पाण्यासह वाटले तर हे विकर निष्क्रिय होते. त्यानंतर दूध नीट उकळणेही आवश्यक असते, कारण कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन इनहिबिटर हा घटक प्रथिनांचे पचन रोखतो. उकळलेले दूध थोडे निवल्यावर त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा क्षार घालून ते फाडतात आणि दही कापडात बांधून दाबतात. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू मिळतो. हा वास आणि पचनातील अडथळा बियाण्यातूनच दूर करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘एनआरसी 142’ हे वाण त्याचे उदाहरण होय.

चीज का वितळते आणि टोफू का वितळत नाही?

येथेच घरगुती प्रयोग बहुधा फसतात. टोफू किसून पावात घातला की तो गरम होतो, पण वितळत नाही. कारण समजण्यासाठी पनीर आठवावे. पनीरही दुधाचेच, तरी तव्यावर ते वितळत नाही. चेडर किंवा मोझरेलामध्ये केसीन या प्रथिनाचे जाळे कॅल्शियमने सैलसर बांधलेले असते. उष्णता मिळताच ते मऊ होऊन वाहू लागते. पनीर करताना दूध तापवून आंबट पदार्थाने फाडले जाते. त्यामुळे कॅल्शियम निघून जाते, प्रथिने एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत. सोयाबीनची प्रथिनेही उष्णतेने अशीच पक्की बसतात.

म्हणून या सँडविचमध्ये टोफूकडून चीजचे काम करवून घेऊ नये. चीजचा स्निग्धपणा काजू आणि खोबरेल तेलातून येतो, तर तार टॅपिओकाच्या स्टार्चमधून. साबुदाणाही याच कंदाच्या स्टार्चचा असतो आणि त्याच्या खिचडीचा चिकटपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. या स्टार्चमध्ये अॅमिलोजचे प्रमाण मक्याच्या स्टार्चपेक्षा कमी असते. त्यामुळे शिजल्यावर तो ताणला जातो. कॉर्नफ्लोअर वापरल्यास मिश्रण घट्ट होते, पण खिरीसारखे तुटते. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली गोठते. त्यामुळे हे चीज फ्रीजमध्ये घट्ट राहते आणि तव्यावर मऊ होते.

टोफू न वितळण्याचा हाच गुण बेकनसाठी मात्र उपयोगी पडतो. पातळ काप तव्यावर आकार सोडत नाहीत, कडा खरपूस होतात आणि मुरवणीचा रस आत शिरतो. बेकनची ओळख मांसाइतकीच मीठ, गोडसरपणा, चरबी आणि धूर यांवर अवलंबून असते. लाकूड जळताना निघणारी ग्वायकॉलसारखी संयुगे त्या धुराचा विशिष्ट वास देतात. भारतीय स्वयंपाकात हाच परिणाम धुंगाराने साधला जातो. कबाब, डाळी आणि भरीत यांना निखाऱ्याची धुरी देण्याची रीत जुनी आहे. फक्त परंपरेने निखाऱ्यावर तूप सोडतात, त्याऐवजी येथे तेल वापरावे.

कृती (दोन सँडविचसाठी)

*बेकनसाठी :* घट्ट टोफू 200 ग्रॅम, सोया सॉस 2 मोठे चमचे, किसलेला गूळ 1 लहान चमचा, माडाचे व्हिनेगर 1 लहान चमचा, काश्मिरी मिरचीपूड 1 लहान चमचा, चिमूटभर मिरेपूड, तेल दीड मोठा चमचा.

*चीजसाठी :* काजूगर 50 ग्रॅम, पाणी 1 कप, टॅपिओका स्टार्च 3 मोठे चमचे, खोबरेल तेल 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 2 लहान चमचे, मीठ अर्धा लहान चमचा.

*याशिवाय :* पावाचे 4 काप, थोडे तेल, एक निखारा.

1. टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यावर अर्धा तास वजन ठेवावे. पाणी निघाले नाही तर मुरवण आत जात नाही आणि काप कुरकुरीत होत नाहीत. काजूगर याच वेळी गरम पाण्यात भिजत घालावेत.

2. टोफूचे 3 ते 4 मिलिमीटर जाडीचे काप करावेत. सोया सॉस, गूळ, व्हिनेगर, मिरचीपूड आणि मिरेपूड एकत्र करून त्यात काप किमान अर्धा तास मुरवावेत. सोया सॉस खारट असल्याने वेगळे मीठ घालू नये.

3. काप पसरट भांड्यात ठेवून मध्ये एक वाटी ठेवावी. वाटीत लाल झालेला निखारा ठेवून त्यावर अर्धा लहान चमचा तेल सोडावे आणि लगेच झाकण लावावे. करवंटीचा निखाराही चालतो. चार-पाच मिनिटे पुरेत, अधिक वेळ ठेवल्यास कडवटपणा येतो. ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो, म्हणून धुरी तळण्याआधी द्यावी. हे करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद खोलीत जळता कोळसा विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

4. तव्यावर उरलेले तेल तापवून मध्यम आचेवर काप दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटे परतावेत. गुळामुळे ते लवकर करपतात, म्हणून लक्ष ठेवावे.

5. भिजलेले काजूगर निथळून, चीजचे सर्व साहित्य मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटावे. मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर सतत ढवळत शिजवावे. आधी गुठळ्या दिसतात. त्या वेळी न थांबता ढवळत राहिल्यास मिश्रण चकचकीत होते आणि डावाला तार धरते.

6. पावाच्या कापांना बाहेरून तेल लावावे. आत गरम चीज पसरून टोफूचे काप मांडावेत. मंद आचेवर, झाकण ठेवून, प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे भाजावी.

बाजारातील सँडविच ब्रेडमध्ये दुधाची भुकटी किंवा लोणी असू शकते. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांवरच घडणारी गव्हाची पोई किंवा साधा पाव त्यामुळे अधिक सोयीचा. तरीही आपल्या पोदेराला एकदा विचारून घेणे इष्ट.

पोषण आणि वेष्टन

विकतच्या अनेक व्हिगन चीजमध्ये मुख्यतः स्टार्च आणि खोबरेल तेलच असते. त्यांत प्रथिने जवळजवळ नसतात. वरील कृतीत एका सँडविचला टोफूतून साधारण 10 ते 15 ग्रॅम आणि काजूतून चार-साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. टोफू कॅल्शियमच्या क्षाराने फाडलेला असेल तर कॅल्शियमही मिळते. जीवनसत्त्व ब-12 मात्र यात नाही. पूर्ण व्हिगन आहार घेणाऱ्यांनी त्याची वेगळी सोय वैद्यकीय सल्ल्याने करावी. सोया, काजू किंवा गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांना हा पदार्थ वर्ज्यच आहे. बहुतेक सोया सॉसमध्येही गहू असतो.

तयार पाकीट विकत घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, तो दुधाच्या पदार्थांवरही असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हिगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आणले. हिरव्या चौकटीत ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर आणि त्यावर छोटे रोप, असे त्यांचे चिन्ह आहे. वनस्पतिजन्य उत्पादनांना दुग्धपदार्थांची नावे लावण्यासही प्राधिकरणाची मनाई आहे. त्यामुळे वेष्टनावर नुसता ‘चीज’ हा शब्द दिसल्यास ते दुधाचे असल्याचे समजावे आणि चिन्ह तपासूनच खरेदी करावी.