घरच्या रुग्णाची नोंद ठेवणारे बिनतारी यंत्र : बनवताना खरी अडचण कोठे?

अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात हृदयाचा आलेख रेडिओवरून पाठवणारे यंत्र बनवले. ते पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज हे काम छातीला चिकटवलेली छोटी पट्टी करते. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातील आपले अनेक तरुण अशा यंत्रांकडे वळू पाहतात. सुटे भाग बाजारात सहज मिळतात, त्यामुळे काम सोपे वाटते. पण तसे ते नाही.

पहिला हिशेब सेलचा. बटणासारख्या सीआर २०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. यंत्राने सरासरी एक मिलिअँपिअर ओढला तर तो नऊ दिवस पुरेल. एक दशांश ओढला तर कागदावर तीन महिने. आता हृदयाचा आलेख सेकंदाला २५० वेळा मोजला आणि प्रत्येक मापाला दोन बाइट धरले, तर दिवसाला ४ कोटी ३२ लाख बाइट होतात. एवढे सगळे हवेतून पाठवत बसलात तर सेल लवकर बसणारच. म्हणून ठोके यंत्रातच मोजायचे, फक्त आकडा पाठवायचा आणि गडबड दिसली तरच त्या वेळचा आलेख धाडायचा. शिवाय रेडिओ सुरू होताना एकदम जास्त वीज खेचतो. त्या झटक्याने लहान सेलचा दाब उतरतो, म्हणून शेजारी कपॅसिटर हवाच.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नेटवर्क गेले, पट्टी सुटली किंवा सेल संपला, तर डॉक्टरांच्या पडद्यावर काय दिसते? जुनाच आकडा तसाच राहिला तर रुग्ण ठीक आहे असे समजले जाईल आणि इकडे त्याचा जीव धोक्यात असेल. प्रत्येक आकड्यासोबत वेळ हवी, आणि नोंद थांबल्याची सूचना वेगळी वाजली पाहिजे. खंडित काळातील नोंदी यंत्राने साठवून नंतर पाठवाव्यात.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा धडाही ध्यानात घ्यावा. तो तांबडा व अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून रक्तातील प्राणवायू मोजतो. त्वचेचा रंग यात आड येतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राणवायू प्रत्यक्षात कमी असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत सुमारे तिप्पट आढळले. तेव्हा चाचणी सावळ्या आणि काळ्या बोटांवरही झाली पाहिजे. बाहेरून आणलेल्या सुट्या भागाच्या कागदावर विसंबणे परवडणारे नाही.

परवान्याचे कामही आधीच पाहावे. २०१७ च्या नियमांनुसार वैद्यकीय उपकरणांचे धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत. खालच्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून, तर वरच्या दोन वर्गांचा केंद्राकडून मिळतो. रेडिओसाठी दूरसंचार खात्याची मान्यता निराळी. आपले यंत्र कोणत्या वर्गात बसते हे ठरल्याशिवाय प्लास्टिकच्या साच्यावर पैसा घालू नये.