८५ ग्रॅम डाळीचा हिशेब

ताटामागचं विज्ञान : भाग ६

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने जाहीर केली. तत्त्वं एकूण १७. त्यांतलं २,००० किलोकॅलरींचं दिवसाचं ताट असं : तृणधान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि तेलबिया ३५, तेल-तूप २७, शिवाय दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. वजनं कच्च्या जिनसांची आहेत, शिजवलेल्या अन्नाची नव्हेत. हे आकडे येतात कुठून? सगळ्यांच्या मागे धावण्यापेक्षा आपण डाळ तेवढी धरू.

सुरुवात शरीराच्या गरजेपासून. प्रथिनांतला नायट्रोजन शरीरात किती गेला आणि किती बाहेर पडला, याचा ताळमेळ घालून प्रौढाची सरासरी गरज काढतात : वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.६६ ग्रॅम प्रथिनं. पण सरासरीवर थांबलं तर निम्म्या माणसांना ती अपुरी पडणार. म्हणून जवळपास सर्वांना पुरेल अशी शिफारस ०.८३ ग्रॅमची होते. याच संस्थेच्या २०२० च्या गरजांविषयीच्या अहवालाने हिशेबासाठी पुरुषाचं वजन ६५ किलो धरलं, बाईचं ५५. त्यातून पुरुषाला ५४ ग्रॅम आणि बाईला सुमारे ४६ ग्रॅम निघतात.

प्रथिनं कुणी नुसती खात नाही. खातात भाकरी आणि वरण. त्यामुळे कोणत्या जिनसात काय किती आहे, याची वही लागते. पोषण-संशोधक मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू केलेल्या छोट्या संशोधन केंद्रातून आजची संस्था वाढली, आणि तिथेच पुढचे संचालक एक्रॉइड यांच्या काळात भारतीय अन्नाचे पहिले मोठे तक्ते तयार झाले. २०१७ च्या तक्त्यांत ५२८ जिन्नस आहेत. हे तक्ते सांगतात की गहू-ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक तोकडा, डाळीत मात्र भरपूर. वरण-भात आणि पिठलं-भाकरी ही जोडी आपल्या आज्यांनी तक्त्याविना जमवली होती. फक्त त्यात डाळीचा वाटा बेताचाच असे. २०२० च्या अहवालाने तृणधान्य आणि डाळीचं प्रमाण ३ ला १ धरलं. आपले ८५ ग्रॅम या प्रमाणात नेमके बसतात.

मग प्रश्न येतो, लोक प्रत्यक्षात काय खातात? १९७२ पासून राष्ट्रीय पोषण निरीक्षण मंडळाचे लोक महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघरी जाऊन खाण्याची मोजदाद करत. माझ्या मते सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत कमी नावाजलेलं काम. २०२४ चा दस्तऐवज सांगतो की आपली ५० ते ७० टक्के ऊर्जा तृणधान्यांतून येते. डाळी, मांस, मासे मिळून ६ ते ९ टक्के, हवी १४.

शेवटी हे आकडे सल्ल्याच्या शब्दांत मांडावे लागतात, आणि आकड्यांपेक्षा शब्दांवर भांडणं जास्त होतात. अमेरिकेत १९७७ च्या जानेवारीत सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने मांस कमी खा असं सांगितलं. पशुपालकांनी गदारोळ केला आणि वर्ष संपायच्या आत सुधारित आवृत्तीत सल्ला झाला : संपृक्त चरबी कमी होईल असं मांस निवडा.

आपल्याकडे डाळीवरून असं भांडण नाही. अडचण पैशांची. दिवसाला ८५ ग्रॅम म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला दहा किलोंवर डाळ-कडधान्यं. कुठल्या मजुराच्या घरात एवढी तूरडाळ येते? अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे ताटातल्या २५० ग्रॅमपैकी सुमारे १६७. डाळ त्या कायद्यात नाही. काही राज्यं आपल्या तिजोरीतून ती देतात, ती किती आणि कशी, हे पुढच्या भागात.