मांडीवरचे बाळ आणि न्यूटनचा नियम

धावत्या मोटारीचा ब्रेक एकदम दाबला, की आत बसलेली माणसे पुढे फेकली जातात. जडत्व शिकवताना गुरुजी हेच उदाहरण देतात आणि परीक्षेत तेच लिहून तुम्ही हक्काचे गुण मिळवता. आज हा नियम वहीतून बाहेर काढून मोटारीत नेऊ या. मागच्या आसनावर आई बसली आहे. तिच्या मांडीवर १० किलो वजनाचे बाळ आहे. मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे. समोर धडक झाली, तर आईला बाळ धरून ठेवता येईल का?

कागद-पेन्सिल घ्या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडकेत मोटारीचे नाक चेपते आणि साधारण एक दशांश सेकंदात ती थांबते. १४ मीटरचा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आणायचा, म्हणजे मंदन १४० झाले. त्याला बाळाच्या १० किलोने गुणा. उत्तर येते १४०० न्यूटन. इतके बल म्हणजे १४० किलो वजन उचलून धरण्यासारखे! सिमेंटची जवळजवळ तीन पोती डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच अचानक हातांत पडली, तर कोणाला पेलतील? येथे मायेचा प्रश्नच नाही, प्रश्न गणिताचा आहे. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तीही पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या व पुढच्या आसनाच्या मध्ये सापडते. हाच वेग १० मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूला येतो, हेही जाता जाता ताडून पाहा. तीन मजली घराच्या गच्चीवर आपण बाळाला कठड्याशीसुद्धा जाऊ देत नाही.

मग मोठ्यांचा पट्टाच बाळाला बांधला तर? कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, तीन ठिकाणी पकडणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी तयार केला. त्याने असंख्य लोकांचे प्राण वाचवले आहेत. पण तो मोठ्या माणसाच्या हाडांवर बेतलेला आहे. कमरेचा भाग ओटीपोटाच्या हाडांवर टेकतो आणि वरचा भाग छातीच्या फासळ्यांवर. लहान मुलाची ही हाडे पुरेशी वाढलेली नसतात. पट्टा घसरून मऊ पोटावर चढतो, वरचा भाग गळ्याशी येतो.

बाळ म्हणजे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे. तुमच्या घरातल्या तान्ह्या बाळाकडे नीट पाहा. त्याच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा डोक्याने व्यापलेला असतो. मोठ्यांमध्ये हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत उतरते. एवढे जड डोके, आणि ते पेलणारी मान मात्र कूर्चेची, अजून हाडे पक्की न झालेली! धड बांधलेले आणि डोके मोकळे राहिले, तर सारा हिसका त्या कोवळ्या मानेला बसतो.

याचा उपाय एका साध्या प्रयोगातून दिसेल. खेळण्यातल्या गाडीवर ओल्या शाडूचे बाहुले बसवा, त्याला बारीक दोऱ्याने बांधा आणि गाडी उतरत्या फळीवरून विटेवर आपटू द्या. दोरा मातीत रुततो. दुसऱ्यांदा दोऱ्याऐवजी रुंद नाडी बांधा. खूण उथळ उमटते. आता गाडीवर एक जाड पुठ्ठा पक्का उभा करा आणि बाहुल्याची पाठ पुढे करून त्याला पुठ्ठ्याशी टेकवून बसवा. या वेळी मातीवर जवळजवळ काहीच खूण दिसणार नाही. बल तेवढेच, पण ते संपूर्ण पाठीवर पसरले.

स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली बाळासाठी तयार केलेले आसन याच तत्त्वावर होते. अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीरांच्या आसनांवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यापूर्वीही मुलांची आसने होती, पण ती मुलाला खिडकीतून बाहेर दिसावे आणि त्याने गाडीत हुंदडू नये म्हणून! आल्डमन यांच्या आसनात बाळ मोटारीच्या मागच्या बाजूस तोंड करून बसते. समोरून धडक झाली, की डोके, मान आणि पाठ एकाच वेळी आसनात दाबली जातात. म्हणून आसनावर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते तोवर बाळाला उलटेच बसवलेले चांगले. त्याचे पाय दुमडतात म्हणून आजी हळहळतील. पण मांडी घालून बसायला बाळाला काहीच अडचण नसते.

असे आसन पुढच्या जागी, चालू एअरबॅगसमोर मात्र कधीही ठेवू नये. क्षणार्धात फुगणारी ती पिशवी आसनाच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

विकत घेताना रंगापेक्षा वजन-उंचीचे आकडे आणि प्रमाणचिन्ह पाहा. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे, युरोपीय आसनांवर आर-४४ किंवा आर-१२९ असे लिहिलेले असते. एकदा अपघातात सापडलेले आसन, वरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये. बसवल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलले तर ते सैल आहे. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली, तर आणखी आवळायला हवा. जाड स्वेटर आधी काढा, नाहीतर पट्टा स्वेटरलाच आवळतो आणि बाळ आत सैल राहते.

आता तुमची पाळी! पाठ आसनाला पूर्ण टेकवून बसा. गुडघे आसनाच्या कडेवर वाकतात का? कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी, हाडावर बसतो का? वरचा पट्टा गळ्याला न लागता खांद्याच्या मधोमध येतो का? यांतले एकही उत्तर ‘नाही’ आले, तर तुम्हाला अजून उंची वाढवणारे बूस्टर आसन हवे. साधारण १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ते लागते, मग तुम्ही सातवीत असलात तरी. आणि पट्टा टोचतो म्हणून तो काखेखालून घेण्याची युक्ती तर मुळीच नको. मग धडकेचे बल खांद्याऐवजी खालच्या फासळ्यांवर येते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास १००० रुपये दंड आहे. दुचाकीसाठीही २०२२ साली नियम काढण्यात आला: चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा पट्ट्यांचा अंगरखा हवा, मूल नऊ महिन्यांहून मोठे असल्यास त्याच्या डोक्याच्या मापाचे शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.