आधी ओठ, मग ब्रश

शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस चाल पाहतो, भोवरे पाहतो आणि सौदा जमेलसं वाटलं की घोड्याचा ओठ वर करतो. विकणाऱ्याने सांगितलेलं वय खरं की खोटं ते दात सांगतात. घोडा दहाएक वर्षांचा झाला की वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते आणि वयाबरोबर ती खाली उतरत जाते. बैलबाजारात तर ‘दोन दाती’, ‘चार दाती’ याच भाषेत भाव ठरतो. थोडक्यात, जनावराच्या तोंडात डोकावणं शहादा तालुक्याला नवं नाही. घरातल्या कुत्र्याचे दात मात्र वास सुटेपर्यंत कोणी बघत नाही. वास सुटल्यावरही, ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ म्हणून विषय संपतो.

तो वास बहुतेक वेळा हिरड्यांच्या दुखण्याचा असतो. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, मांजरीला ३०. खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो आणि त्याचं पिवळं-तपकिरी कीटण बनतं. कुत्र्याचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण कीटण भरपूर धरतं. सगळ्यात जास्त ते वरच्या मागच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला, कारण लाळेची नळी तिथेच उघडते. पुढे हिरडी सुजते, मागे सरकते, दात हलतो. कधी दाढेच्या मुळाशी पू होऊन डोळ्याखाली गाठ येते आणि घरचे समजतात, काहीतरी चावलं असेल. पामेरियनसारख्या छोट्या तोंडाच्या कुत्र्यांत दातांची दाटी असल्याने हा त्रास जास्त.

कीटण एकदा दगडासारखं झालं की ब्रशने निघत नाही. जनावराला पूर्ण भूल देऊन दात साफ करावे लागतात. ही सोय गावोगावी नसते. शहाद्याच्या माणसाला त्यासाठी सुरत किंवा नाशिक गाठावं लागू शकतं. भाडं, भूल, तपासण्या धरून खर्च कुठे जातो ते सांगायला नको. म्हणून माझं मत असं की, मोठ्या शहरात ब्रश ही हौस वाटली तरी तालुक्याच्या गावात ती गरज आहे.

बाजारातली रीत मात्र इथे चालत नाही. घोडा घेणाऱ्याचं काम एकदाच ओठ उचलून भागतं. आपल्याला रोज त्याच तोंडाशी जायचंय. दोघांनी धरून, जबडा फाकवून पहिल्या दिवशी ब्रश घातला तर दुसऱ्या दिवशी ब्रश दिसताच कुत्रं खाटेखाली जातं.

सुरुवात ब्रशशिवाय करायची. संध्याकाळी फिरून आल्यावर कुत्रं निवांत असताना त्याच्या बाजूला बसा. समोरून अंगावर वाकू नका. हनुवटी, गाल कुरवाळा, लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. आपल्या भागात केळी-पपईला तोटा नाही. बी काढलेल्या पपईची छोटी फोडही चालते. द्राक्षं, मनुका मात्र कुत्र्याला अजिबात नकोत. दोन-चार दिवसांनी एका बाजूचा ओठ क्षणभर उचला आणि सोडून द्या. मग बोटाला ओलं मलमल गुंडाळून दाढेवरून एकदाच फिरवा. त्यानंतर पेस्ट नुसती चाटू द्या आणि ती आवडली की मगच मऊ ब्रश. तोंड उघडायची गरजच नाही. ओठ उचलून, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून बाहेरची बाजू घासली की बरंच काम झालं. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते.

कुत्रं सारखे ओठ चाटतंय, मान फिरवतंय किंवा एकदम ताठ झालं, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे या. गुरगुरलं म्हणून रागावू नका. गुरगुरणं बंद पाडलेलं कुत्रं पुढे इशारा न देताच चावतं. सवय लागली की रोज घासणं उत्तम, निदान एक दिवसाआड. रविवारचा रविवार घासून उपयोग नाही, तोवर थर घट्ट झालेला असतो. पिल्लाचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडतात. तेव्हा हिरड्या दुखऱ्या असतात, म्हणून त्या दिवसांत नुसता हात लावू देण्याची सवय पुरे.

पेस्ट जनावरांसाठीचीच हवी. आपली पेस्ट कुत्रं थुंकत नाही, गिळतं. तिच्यातलं फ्लोराइड त्याला बाधतं आणि झायलिटॉल असेल तर जिवावर बेतू शकतं. मीठ, कोळसा, लाल मंजन नको. मशेरी तर नकोच, ती तंबाखूच आहे. पेस्ट मिळाली नाही तर साध्या पाण्यात भिजवलेला ब्रश चालेल. दात साफ होतात म्हणून टणक हाडं देणारेही आहेत. त्या हाडांनी वरची मोठी दाढ तुटते, हे पशुवैद्य नेहमी पाहतात.

मांजरीशी हेच सगळं, फक्त आणखी सावकाश आणि ब्रश अगदी छोटा. ती उठून गेली की त्या दिवसाचं काम संपलं.

हिरडीतून रक्त येतंय, दात हलतोय किंवा जनावर एकाच बाजूने चावतंय, तर घासायला सुरुवात करण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. गल्लीतलं कुत्रं नुकतंच घरात घेतलं असेल, तर रेबीजची लस दिल्याशिवाय त्याच्या तोंडाशी जाऊ नका. दात लागलाच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. ब्रश विकत घेण्याआधी एकदा लसीचं कार्ड काढून तारीख पाहा.